सापडण्याची कला: पैठणीच्या बाजारातून एसईओकडे

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणचा पत्ता आहे: भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांची वाट. तिथून कोणता माल येतो, हेही लिहिले आहे. गाव कुठे, तिथे काय मिळते, पोहोचायचे कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे व्यापाऱ्याला पुरेशी होती. आज पैठणी विकणाऱ्या अनेक वेबसाइटवर नेमकी हीच उत्तरे सापडत नाहीत, आणि तरीही एसईओवर, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनवर, पैसा खर्च होत राहतो. याचे कारण एसईओ आपल्याकडे युक्त्यांचा धंदा म्हणून रुजली. आपल्याजवळचे ज्ञान ग्राहकाच्या प्रश्नापर्यंत पोहोचवणे हे तिचे मूळ काम मागे पडले.

इतिहास पाहिला तर हे स्पष्ट होते. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’चे सूत्र साधे होते: ज्या पानाचा हवाला इतर चांगली पाने लिंक देऊन देतात, ते पान मोलाचे. लगेच लिंकांची खरेदी-विक्री सुरू झाली. एकच शब्द पानभर घुसडण्याची खोड तर त्याआधीचीच. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल आणून पोकळ मजकुराला मागे ढकलले, २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आणून बनावट लिंकांना. मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमांकासाठी ढिगाने काढलेल्या मजकुरावर बडगा आला, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. पानाच्या कोडमधला कीवर्डचा मेटा टॅग क्रम लावताना पाहत नाही, हे तर गूगलने २००९ मध्येच सांगितले होते. तरीही तो रकाना भरून देणे आजही ‘सेवा’ म्हणून विकले जाते. मार्केटिंगप्रमुखाने एसईओची मूलतत्त्वे स्वतः शिकून घ्यायची ती यासाठी.

ती फार नाहीत. सर्च इंजिन आधी पान वाचते, मग त्याची नोंद करते, मग प्रश्नानुसार क्रम लावते. पहिल्या दोन पायऱ्यांवर अडखळलेल्या पानाला तिसरीवर कोणी वाचवू शकत नाही. एक नमुना पाहा. साडीचे नाव ‘डिझाइन ०३’, फोटोच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला आकडा, वर्णन फोटोतच छापलेले आणि किमतीच्या जागी ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’. या पानावर यंत्राला वाचण्याजोगे जवळपास काहीच नाही. आता त्याच साडीचे शीर्षक ‘बांगडी मोर पदराची हातमागावरची पैठणी’ असे द्या. खाली रेशीम आणि जर कोणती, विणायला किती दिवस लागले, किंमत किती, हे साध्या मजकुरात लिहा. पान मोबाइलवर झटकन उघडेल असे करा, कारण गूगल आता नोंद करताना मोबाइलवरचेच पान पाहते. एवढ्याने पहिला क्रमांक मिळेलच असे नाही, पण पान स्पर्धेत तरी उतरते.

पुढचा प्रश्न शोधणाऱ्याच्या मनातल्या हेतूचा. ‘सेमी पैठणी’ शोधणारीला स्वस्त साडी हवी असते. ‘खरी पैठणी कशी ओळखावी’ असे विचारणारी मोठी खरेदी करण्याआधी खात्री करून घेत असते. दोघींना एकाच पानावर आणणे म्हणजे दोघींना गमावणे. दुसरीचे उत्तर पैठण आणि येवल्याच्या विणकराला तोंडपाठ असते: पदर उलटा करून बघा. हातमागावर नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने गुंतवत नेतात, म्हणून उलट बाजूही सुलटीसारखीच दिसते; यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. या एका परिच्छेदासोबत दोन्ही बाजूंचे फोटो द्या. विकत घेतलेल्या शेकडो लिंकांपेक्षा त्याचे मोल जास्त, कारण असे पान लोक आपण होऊन एकमेकांना पाठवतात. हे ज्ञान मागावर बसलेल्या माणसाकडे आहे आणि लिहिण्याचे काम साडी कधी हातात न घेतलेल्या माणसाकडे, ही आजच्या एसईओची सर्वांत मोठी उणीव आहे.

नावांकडेही असेच दुर्लक्ष होते. २०२३ मध्ये पैठणच्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण बाहेरगावचा ग्राहक अजून औरंगाबादही शोधतो, आणि त्या नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. त्यामुळे पत्त्यात नवे नाव आणि मजकुरात एकदा जुन्याचा उल्लेख हवा. गूगल मॅपवर दुकानाची जागा, वेळ आणि सुट्टीचा वार बिनचूक हवा. नाथषष्ठीला पैठणला येणारा यात्रेकरू हातातल्या फोनवरच दुकान शोधतो. पानही मराठीत असायला हवे, कारण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला कसदार मराठी उत्तरे अजून थोडीच आहेत.

आता सर्च इंजिन पानाकडे न पाठवता स्वतःच उत्तर जुळवून देऊ लागले आहे, म्हणून एसईओ संपली असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जुळवलेल्या उत्तरालाही कुणीतरी आधी लिहिलेली खरी माहिती लागतेच. उसन्या मजकुराची किंमत मात्र शून्यावर येईल. म्हणून मार्केटिंगप्रमुखांनी दर महिन्याला ‘आपण कितव्या क्रमांकावर’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा: आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही असे या महिन्यात आपण काय लिहिले? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर एजन्सीचे बिल थांबवावे आणि तोच पैसा विणकराजवळ बसून ऐकणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसाला द्यावा.