लूव्र संग्रहालयाचा जन्म : एका रूढ कथेची चिकित्सा

पॅरिसमधील लूव्र संग्रहालयाच्या उत्पत्तीविषयी एक कथा सर्वतोमुखी झालेली आहे. १० ऑगस्ट १७९२ रोजी फ्रान्समधील राजसत्ता कोसळली. त्यास बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, म्हणजे १० ऑगस्ट १७९३ रोजी, राजांच्या जुन्या प्रासादात ५३७ चित्रांचे संग्रहालय प्रजेसाठी खुले करण्यात आले. राजाचे होते ते राष्ट्राचे झाले. ही कथा खोटी नव्हे. तथापि ती ज्या सुबकपणे सांगितली जाते, तो सुबकपणाच संशयास्पद आहे. उद्घाटनाची तिथी क्रांतिकारकांनी हेतुपुरस्सर निवडलेली होती. पुढील इतिहासकारांपैकी अनेकांनी त्या तिथीलाच कारण मानले, ही खरी अडचण होय.

वस्तुतः संग्रहालयाची कल्पना राजवटीतीलच आहे. चौदाव्या लुईने १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला हलविल्यावर लूव्र हा अर्धवट बांधलेला, अकादमींनी आणि कलावंतांच्या बिऱ्हाडांनी भरलेला वाडा होऊन राहिला होता. राजाची चित्रे येथे लोकांस दाखवावीत, अशी मागणी ला फाँ द सँ-येन या टीकाकाराने १७४७ मध्येच छापून केली. १७५० पासून लक्झेंबर्ग प्रासादात सुमारे शंभर चित्रे आठवड्यातून दोन दिवस पाहावयास मिळत. १७७९ मध्ये तो प्रासाद राजाच्या भावाकडे गेला आणि प्रदर्शन बंद पडले. सोळाव्या लुईच्या इमारतींचा अधिकारी दांजिविये याने तर लूव्रच्या प्रदीर्घ दालनात संग्रहालय उभारण्याची सिद्धता वर्षानुवर्षे केली. संग्रहातील उणिवा भरून काढण्यासाठी फ्लेमिश व डच चित्रे विकत घेतली. सुमारे साडेचारशे मीटर लांबीच्या त्या दालनात उजेड खिडक्यांतून घ्यावा की छतातून, या प्रश्नावर समित्या बसल्या. (संग्रहालयाच्या इतिहासात तत्त्वांपेक्षा कौलांनी व काचांनी अधिक काळ घेतला, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही.) अँड्र्यू मॅक्‌क्लेलन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही पूर्वतयारी साक्षेपाने मांडली आहे, त्यानंतर तरी जुनी कथा जशीच्या तशी सांगणे कोणास शोभू नये.

मग क्रांतीने केले तरी काय? येथे उलट बाजूच्या अतिरेकापासूनही सावध राहिले पाहिजे. लक्झेंबर्गला जाणारा प्रेक्षक राजाच्या कृपेने चित्रे पाहत होता. १७९३ मध्ये लूव्रमध्ये शिरलेला नागरिक आपल्या हक्काने शिरत होता. क्रांतिकालीन दहा दिवसांच्या आठवड्यातील तीन दिवस दालन सर्वांस विनामूल्य खुले असे. भिंत तीच, चित्रेही पुष्कळशी तीच. पण पाहणाऱ्याचे त्यांच्याशी असलेले नाते पालटले. हा पालट केवळ नावाचा नव्हता.

परंतु ह्याच हक्काच्या युक्तिवादातून एक अत्यंत विपरीत फलही निपजले, आणि रूढ कथा नेमकी तेथेच मूक होते. कलाकृती या स्वातंत्र्याच्या अपत्य असल्याने त्यांचे खरे स्थान स्वतंत्र राष्ट्रातच होय, असे प्रतिपादन सुरू झाले. १७९४ मध्ये बेल्जियममधून रूबेन्सची चित्रे आली. १७९७ च्या तोलेंतिनो येथील तहान्वये पोपला आपल्या संग्रहातील उत्कृष्ट शिल्पे द्यावी लागली, आणि जुलै १७९८ मध्ये ती मिरवणुकीने पॅरिसमध्ये आणण्यात आली. कात्रमेर द कँसी याने १७९६ मध्येच या नीतीला कडाडून विरोध केला होता. कलाकृती तिच्या भूमीपासून, तिच्या सोबतच्या अवशेषांपासून तोडली की तिचा अर्थच तुटतो, हे त्याचे म्हणणे. त्याचे उत्तर संग्रहालयाने तेव्हा दिले नाही. १८०३ मध्ये त्यास नेपोलियनचे नाव देण्यात आले, एवढेच.

१८१५ मध्ये नेपोलियनच्या पराभवानंतर पुष्कळ कृती परत गेल्या. तरी इटलीतून आणलेल्या चित्रांपैकी जवळजवळ निम्मी परतली नाहीत. वेरोनेझेचे काना येथील विवाहभोजनाचे चित्र त्यांपैकीच. जवळजवळ दहा मीटर रुंदीचे हे चित्र व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनगृहासाठी रंगविलेले. १७९७ मध्ये त्याचे तुकडे करून ते आणण्यात आले. परतीच्या वेळी मात्र ते प्रवास सोसणार नाही, असे ठरले आणि बदली ल ब्रँचे एक चित्र व्हेनिसला पाठविण्यात आले. येण्यास समर्थ असलेली वस्तू जाण्यास असमर्थ ठरावी, हा तर्क केवळ सोयीचा होता असेच म्हणावे लागते. ‘राष्ट्रीय’ या विशेषणाची परीक्षा करावयाची असेल त्या अभ्यासकाने सनदांपूर्वी हे चित्र पाहावे. राजाकडून प्रजेकडे झालेल्या हस्तांतराचा न्याय व्हेनिसच्या मठाला लावता येत नाही. तेथे राजाही नव्हता आणि ती प्रजाही फ्रान्सची नव्हती.

प्रासादातून राज्यसत्ता निघून गेली, ही समजूतही तितकीच सैल आहे. लूव्रच्या उत्तरेकडील भागात अर्थमंत्रालयाची कचेरी १९८९ पर्यंत नांदत होती. ती जागा संग्रहालयास मिळून १९९३ मध्ये खुली झाली, म्हणजे उद्घाटनानंतर दोनशे वर्षांनी.

या संदर्भात ह्यूबेर रोबेर या चित्रकाराची एक कृती ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने राजवटीत व क्रांतीनंतरही संग्रहालयाच्या कामात भाग घेतला होता. १७९६ मध्ये त्याने लूव्रचे तेच प्रदीर्घ दालन छत कोसळलेल्या भग्नावस्थेत रंगविले. ढिगाऱ्यात बेल्व्हेडिअरचा अपोलो तेवढा अभंग उभा आहे आणि एक तरुण त्याचे रेखाटन करीत बसला आहे. चित्र पूर्ण झाले तेव्हा तो पुतळा रोममध्येच होता. तो पॅरिसला आला १७९८ मध्ये, आणि १८१५ च्या पराभवानंतर पुन्हा रोमला गेला.