८ सेंमी, पण किती अंतरात?
स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड रेल्वे बोगद्याबद्दल ‘५७ किमीत फक्त ८ सेंमी चूक’ असं सर्रास लिहिलं जातं. ऐकायला भारी, पण हिशोब चुकीचा. खोदाई पाच ठिकाणांहून चालली होती. १५ ऑक्टोबर २०१० ला सेद्रुन आणि फाइडोकडून आलेली टोकं एकमेकांना भेटली, तिथला हा आडवा फरक. उभा फरक जेमतेम १ सेंमी.

खरं कौतुक वेगळंच आहे. सेद्रुनला ८०० मीटर खोल शाफ्टमधून दिशा खाली न्यायची होती. तिथे जीपीएस पोचत नाही; भिंतीलगत तापमान बदलतं, त्यामुळे दुर्बिणीतली दृष्टिरेषाही वाकते. म्हणून पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर शोधणारा जायरो-थिओडोलाइट लागतो.

पेपरमध्ये त्रुटीचा आकडा दिसला, की आधी विचारा: कुठून कुठपर्यंत मोजलाय?