झंबील आणि मण्यांची पिशवी

'हॅरी पॉटर'चे सात भाग २००७ सालीच संपले, तरी वाचक अजून त्यावरच बोलत बसतात. काहीजण याला पोरखेळ म्हणतात. मला ते पटत नाही.

आपल्या नांदेड-लातूरकडे १९४८पर्यंत निजामी अंमल; वरचं शिक्षण उर्दूतून. त्या उर्दूत अमीर हमजाची दास्तान आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं तिचे ४६ खंड काढले. त्यातल्या अमर अय्यारच्या झंबिलीत काय वाटेल ते मावतं. हर्मायनीच्या मण्यांच्या पिशवीत तंबूसुद्धा मावतो. फरक आहे तो ऐकण्यात. दास्तान मैफलीत ऐकायची, दाद तिथंच द्यायची. कादंबरी एकट्यानं वाचायची. दाद मनात साठते, मग माणूस दुसरा वाचक शोधत निघतो.

पण एक बघा. कांट म्हणतो, 'मला आवडतं' हा खाजगी मामला. 'हे सुंदर आहे' म्हटलं की आपण दुसऱ्याची संमती मागतो. मागितली, की नकारही ऐकावा लागतो. पिशवीतून हवं ते निघायला लागलं की संकटाची धार जाते, असं कुणी म्हणालं, तर त्याला वैरी समजू नका. तोही मैफलीतलाच. त्याला उठवलंत, तर उरेल ती नुसती आरती.