व्हिएतनामी घर आणि पेठेतील वाडा

नव्या घराच्या आराखड्यात ‘निसर्गाशी जोडलेले घर’ हा शब्दप्रयोग हल्ली वरचेवर आढळतो आणि त्यासाठी व्हिएतनामच्या पारंपरिक लाकडी घरांचा दाखला दिला जातो. भिंतीस लाकडी फळ्या, एक मोठी काच, दारात कुंड्या. अनुकरण बहुधा येथेच संपते. आमच्या मते यात मूळ घराचे मर्म निसटते. दाजीबानपेठेसारख्या व्यापारी पेठेत वाढलेल्या वाचकांस ते मर्म अपरिचित नाही.

होई आन हे मध्य व्हिएतनाममधील जुने बंदर. १९९९ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळांत स्थान दिले. तेथील व्यापाऱ्यांची घरे दर्शनी बाजूस अरुंद व आत लांबवर गेलेली. पुढे दुकान, मध्ये उघडा चौक, मागे राहती जागा. दोन्ही अंगांस शेजाऱ्याची भिंत असल्याने उजेड, वारा आणि पाऊस चौकातूनच आत येतात. तान की या प्रसिद्ध घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा नोंदविलेल्या आहेत. नदी कधीतरी घरात येणारच, हे धरूनच ते कुटुंब पिढ्यान् पिढ्या तेथे नांदले. खेड्यातील घराचे तोंड शक्यतो दक्षिणेस. पुढे वारा न अडविणाऱ्या पोफळी, मागे थंड वाऱ्यास आडोसा देणाऱ्या केळी. फणसासारख्या टिकाऊ लाकडाचे खांब दगडावर टेकविलेले आणि सांधे खाचेत कूस बसवून जुळविलेले, त्यामुळे कुजलेला भाग तेवढा बदलता येई.

हे वर्णन वाचताना आपल्या वाड्याची आठवण न होणे कठीण. ओल आणि वाळवी यांपासून खांब वाचविणारा तळखडा, त्यावर सागवानी खांब व तुळई, रस्त्याशी बोलणारा कट्टा, ओसरी, आणि चौकातील तुळशीवृंदावन. हवामान सारखे, जागेची अडचण सारखी, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

तथापि वाड्याचे केवळ गुणगान करणे हा समीक्षकाचा धर्म नव्हे. चौकाचा उजेड ओसरीवर बसणाऱ्या पुरुषांच्या वाट्यास येई. स्त्रियांच्या वाट्यास अंधारे माजघर, धुराने भरलेले स्वयंपाकघर आणि कोंदट बाळंतिणीची खोली. उंबरठ्याच्या आत कोणी यावे, हे जात ठरवीत असे. निसर्ग घरात होता. त्याची वाटणी मात्र न्याय्य नव्हती. वाडा जसाच्या तसा उभारू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

तत्त्व घ्यावे, साचा घेऊ नये. व्हो ट्राँग न्घिया या व्हिएतनामी वास्तुशिल्पकाने २०१४ साली हो ची मिन्ह शहरात बांधलेले ‘झाडांसाठी घर’ काँक्रीटचे आहे. पाच सुट्या खोक्यांच्या माथ्यावर मातीचा जाड थर व झाडे असून ती माती पावसाचे पाणी धरून ठेवते. खोक्यांमधील मोकळी जागा अंगणाचे काम करते. लाकडाचा देखावा नसूनही ते परंपरेस अधिक जवळचे आहे.

आपल्या पेठेत जुनी घरे पाडून नवी उभी राहतात, तेव्हा पहिला बळी चौकाचा जातो. त्यावर स्लॅब पडतो आणि दिवसाही दिवे लावावे लागतात. सागवान आज परवडणार नाही, हे मान्य. चौक उघडा ठेवण्यास मात्र सागवान लागत नाही. आराखड्यावर सही करण्यापूर्वी घरमालकाने दोनच गोष्टी विचाराव्यात: पाऊस या घरात कोठे पडणार, आणि स्वयंपाक करणाऱ्यास उजेड कोठून मिळणार?