सरपण, पाणी आणि घरातील मुले

‘लोकसंख्या वाढली म्हणून जंगल संपले’ असे आपण वर्गात सहज सांगतो. अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या फेब्रुवारी १९९५ च्या अंकातील लेखात याची दुसरी बाजू मांडली. सरपण, चारा, पाणी दुर्मिळ झाले की ते आणायला जास्त हात लागतात. गरीब घरात मूल म्हणजे खाणारे तोंड, तसेच राबणारा हातही. शिवाय सामायिक जंगलातून आणलेल्या मोळीचा फायदा एका घराला होतो, झीज मात्र साऱ्या गावाची. म्हणून मुले वाढतात, जंगल आणखी विरळ होते आणि चक्र फिरत राहते.

हा युक्तिवाद गरिबाला अडाणी ठरवत नाही, म्हणून तो आम्हाला मोलाचा वाटतो. पण तो नियम म्हणून शिकवावा का? भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारखे गाव डोळ्यांपुढे आणू. या जिल्ह्यात भातशेती, मालगुजारी तलाव, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर अनेक घरे चालतात. चक्र अटळ असते, तर अशा घरांचा आकार सहसा कमी झाला नसता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे मुलांची सरासरी १९९२-९३ मध्ये २.९ होती, २०१९-२१ मध्ये ती १.७ झाली. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये अवघी ५.६५ टक्के वाढली. मात्र त्यात स्थलांतरही मिसळलेले असते. त्यावरून जन्मदर काढू नये.

टंचाई आणि मुलांची संख्या यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी असतात. मूल शाळेत गेले की मोळीचा भार आईवर पडतो, किंवा घर दुसरे इंधन शोधते. जन्मलेले मूल जगेल ही खात्री, स्त्रीचे शिक्षण, घरातील तिचा शब्द यांनीही निर्णय बदलतो. स्त्रियांच्या स्थितीकडे दासगुप्तांचे लक्ष आहेच. फळ्यावरच्या बाणांच्या आकृतीतून मात्र तीच गळते.

म्हणून शिक्षकांनी वर्गात भावंडे मोजायला लावू नयेत. सरपण-पाणी कोण आणते, किती लांबून, किती वेळात, आणि त्यापायी कोणाची शाळा बुडते, हे मुलांना नोंदवू द्यावे. मोळी आणणाऱ्या बाईचे मूलही त्याच वर्गात बसलेले असते. आपली आई जंगलाची वैरी आहे, एवढेच शिकून ते घरी जाता कामा नये.