मेंदूची साक्ष

सिरसाळ्याच्या काही शिक्षकांशी बोलत असताना त्यांतल्या एकांनी विचारले, "डोक्याला तारा लावल्या की गुन्हा कोणी केला ते कळते म्हणे. मग वर्गात पेन चोरीला गेले तर हे यंत्र आणावे का?" सगळे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण महाराष्ट्रातल्याच एका न्यायालयात अशा यंत्राचा अहवाल पुरावा म्हणून मान्य झाला होता.

जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने आर्सेनिक देऊन केलेल्या खुनाच्या खटल्यात एका विद्यार्थिनीला जन्मठेप सुनावली. इतरही पुरावे होते. पण मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत झालेल्या 'बीईओएस' चाचणीचा अहवालही निकालात विचारात घेतला गेला. बंगळूरचे मानसशास्त्रज्ञ चंपादी रामन मुकुंदन यांनी ही चाचणी विकसित केली. तिच्यात आरोपीने काहीच बोलायचे नसते. डोळे मिटून बसायचे आणि "मी आर्सेनिक विकत घेतले" अशा धर्तीची वाक्ये ऐकायची. डोक्यावरच्या विद्युदग्रांनी टिपलेल्या लहरींवरून, ती कृती त्या व्यक्तीने स्वतः केली होती का, हे संगणक सांगतो असा दावा आहे.

यातले मोजमाप खरे आहे, हे आधी मान्य करू. हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख घेतला आणि 1929 साली तो प्रसिद्ध केला. अपस्माराच्या निदानासाठी ईईजी आजही रोज वापरला जातो. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा विद्युत्दाब साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट असतो. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलपेक्षा तो किमान 15,000 पटींनी कमी. शिवाय तो एका चेतापेशीचा नव्हे. असंख्य पेशींचे एकत्रित काम कवटीतून पाझरून बाहेर आलेले असते. आठवडी बाजाराच्या बाहेर उभे राहून गलबला ऐकण्यासारखे हे आहे. बाजार भरला की उठला, ते कळेल. एकदम आरडाओरडा झाला तर तेही कळेल. पण कोणी कोणाकडून किती किलो ज्वारी घेतली?

आमचा आक्षेप इथेच आहे. ओळखीची किंवा अनपेक्षित गोष्ट समोर आली की सुमारे 0.3 सेकंदाने एक ठरावीक लहर उमटते, हे 1965 पासून माहीत आहे. पण ओळख अनेक वाटांनी होते. ज्या आरोपीची पोलिसांनी कित्येक तास चौकशी केली, ज्याने स्वतःवरचा आरोप वर्तमानपत्रात वाचला, त्याला 'आर्सेनिक' हा शब्द ओळखीचा वाटणारच. 'मला हे ठाऊक आहे' आणि 'मी हे केले आहे' यांतला फरक लहरींतून दिसतो असे म्हणायचे, तर कोण दोषी हे ठाऊक नसलेल्या त्रयस्थ संशोधकांनी तो पुन्हापुन्हा दाखवला पाहिजे, आणि चाचणी किती वेळा चुकते तेही छापले पाहिजे.

चुकीचे प्रमाण का महत्त्वाचे, हे आठवीच्या वर्गातही करून पाहता येईल. समजा, चाचणी 100 पैकी 95 वेळा बरोबर येते. (आकडा गणितापुरता.) संशयित 101, गुन्हेगार एकच. 100 निरपराधांपैकी सुमारे 5 जण दोषी ठरतील आणि बहुधा तो एक गुन्हेगारही. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या सहांपैकी पाच निरपराध!

महागड्या यंत्रांनाही हा नियम चुकत नाही. 2009 साली अमेरिकेतील संशोधकांनी मेलेला सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली'. हजारो बिंदूंच्या तुलनेसाठी लागणारी संख्याशास्त्रीय दुरुस्ती गाळली, तेव्हा माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली.

केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2008 मध्येच या चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून चालत नाही. मात्र तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर ती न्यायालयापुढे आणता येते. त्यामुळे आरोपीपुढे संमतीचा कागद अजूनही ठेवला जाऊ शकतो.