काचमंडप : पारदर्शकतेचा भ्रम आणि रंगाचे सत्य

जर्मनीतील कोलोन या प्राचीन नगरीत १९१४ साली भरलेल्या वेर्कबुंड प्रदर्शनासाठी वास्तुविशारद ब्रुनो टाउट यांनी उभारलेला काचमंडप आजच्या पारदर्शक काच-इमारतींचा पूर्वज म्हणून गौरविला जातो. हा गौरव काहीसा अस्थानी आहे.

मंडपाची रचनाच त्याविरुद्ध साक्ष देते. काँक्रीटच्या चौदा कोनी पायावर दुहेरी काचेचा घुमट होता. त्यात तळाशी गडद निळा, त्यावर हिरवा आणि शिखराकडे सोनेरी पिवळा अशी रंगांची चढण होती. जिन्याच्या पायऱ्या काचेच्या होत्या; खालच्या दालनात जलप्रपात आणि कॅलिडोस्कोप होता. योहान थॉर्न प्रिकर, मॅक्स पेखश्टाइन यांची काचचित्रेही तेथे होती. बाहेरचे दृश्य आत आणणे हा या काचेचा हेतू नव्हता. प्रकाश रंगांतून गाळून घेणे हा होता. त्याच प्रदर्शनातील वॉल्टर ग्रोपिउस यांच्या आदर्श कारखान्याची काच नेमकी याउलट होती.

टाउट यांनी गॉथिक कॅथेड्रलला काच-वास्तुकलेची नांदी मानले. ते कॅथेड्रल ऱ्हाइनच्या पैलतीरीच होते. तथापि तेथील काच श्रद्धावंतांना परिचित कथा सांगते. मंडपातील रंगांना अशी कथा नव्हती. पाउल शेअरबार्ट यांची काचस्तुतीपर सुभाषिते भिंतीवर कोरून ती उणीव भरून निघाली नाही. काचउद्योगाचा आश्रय हा मात्र दोष मानता येत नाही, कारण कॅथेड्रलच्या खिडक्यांवरही दात्यांची कुलचिन्हे आहेत. खरा दोष काचेमुळे मानवी मन उन्नत होईल या दाव्यात होता. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि प्रदर्शन बंद पडले.

पुढे मंडपही पाडला गेला. उरली ती कृष्णधवल छायाचित्रे. रंग हाच ज्याचा आशय, त्या वास्तूचा परिचय रंगहीन पुराव्यावरून झाला आणि भ्रमाला बळ मिळाले.

या पार्श्वभूमीवर २००७ साली गेरहार्ड रिश्टर यांनी त्याच कॅथेड्रलमध्ये साकारलेली खिडकी अर्थपूर्ण ठरते. ७२ रंगांचे ११,०००हून अधिक चौरस तुकडे, आणि कथा एकही नाही. टाउट यांचा वारसा शोधायचा तर तो कार्यालयांच्या काचभिंतींपेक्षा या खिडकीत अधिक निश्चितपणे सापडतो.